दिवा जाण्याआधी

जून उजाडला की सातपाटीच्या बोटी किनाऱ्याला लागतात. १ जून ते ३१ जुलै ही मासेमारीबंदी सरकारी कागदावरची, पण पावसाळ्यात समुद्राला विश्रांती देऊन नारळी पौर्णिमेला पुन्हा त्याच्या पाया पडायचे, ही रीत कागदाहून कितीतरी जुनी. या दोन महिन्यांत बंदरावर सुट्टी असते असे कुणाला वाटत असेल तर त्याने एकदा जाऊन पाहावे. बोटीचा तळ खरवडला जातो, फळ्यांच्या फटी बुजवल्या जातात, रंग होतो, इंजिन उघडले जाते. बोट शाकारून ठेवायची असते. जाळी उलगडून, फाटलेल्या जागा शोधून तुणायची असतात. डाव्या अंगाचा लाल दिवा, उजव्या अंगाचा हिरवा दिवा, त्यांच्या तारा, बॅटरी, सगळ्यांवर हात फिरवला जातो. बोटीत पाणी शिरले म्हणजे बघू, असे कुठलाही तांडेल म्हणत नाही.

आता याच किनाऱ्यावरच्या प्रार्थनामंदिरांत डोके वर करून पाहावे. मंदिर असो वा चर्च, छताजवळच्या दहा दिव्यांपैकी दोन बंद, एक लुकलुकणारा, एकाचा उजेड पिवळा तर शेजारच्याचा निळसर पांढरा. हे दिवे कधी बसवले, कुणी बसवले, पुन्हा कधी पुसायचे, याची नोंद क्वचितच सापडते. दिवा गेला की सणाच्या आदल्या दिवशी कुणाला तरी हाक मारायची, लांब शिडी मागून आणायची आणि काम उरकायचे, अशी पद्धत. जी माणसे बोटीच्या बाबतीत इतकी शिस्तीची, त्यांच्याच गावात देवाघरचा दिवा मात्र नशिबावर सोडलेला असतो.

विषय किरकोळ वाटेल. पण या किरकोळ विषयात माणसाच्या जिवाचा, इमारतीच्या सुरक्षिततेचा आणि म्हाताऱ्या डोळ्यांचा प्रश्न आहे. आणि तो सर्वांत ठळकपणे दिसतो तो चर्चच्या इमारतीत.

खारा वारा, उंच छत

सातपाटीहून किनाऱ्याकिनाऱ्याने दक्षिणेला निघाले की शिरगाव, माहीम, केळवे, एडवण, दातिवरे लागतात. वैतरणेच्या मुखापलीकडे अर्नाळा आणि मग वसई. १५३४ ते १७३९ अशी दोनशे वर्षे वसई पोर्तुगीजांच्या ताब्यात होती. १७३९ च्या मोहिमेत चिमाजीअप्पांच्या सैन्याने माहीम, केळवे, शिरगाव, तारापूर ही ठाणी घेतली आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात वसईचा किल्ला पडला. किल्ल्यातल्या चर्चच्या भिंती आज छपराविना उभ्या आहेत. तिथे उजेडाची चिंता सूर्याने घेतली आहे. पण किल्ल्याबाहेरची सांडोर, पापडी, नंदाखाल, रेमेदी येथील चर्चे, ज्यांची स्थापना सोळाव्या शतकातली, ती पुन्हा पुन्हा बांधली गेली आणि आजही रविवारी भरून वाहतात. १९९८ मध्ये वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. या भागातले कॅथलिक मराठीत प्रार्थना करतात आणि चर्चला बोलीभाषेत सहज ‘देऊळ’ म्हणतात.

अशा इमारतीत दिव्यांची निगा राखणे घरातल्यापेक्षा वेगळे का? पहिले कारण उंची. घरातला दिवा स्टुलावर उभे राहून बदलता येतो. चर्चचे छत वीस-तीस फुटांवर, त्याखाली जड लाकडी बाकांच्या रांगा. शिडी टेकवायला भिंत दूर, परांची उभी करायला जागा अपुरी. दुसरे कारण किनाऱ्याची हवा. मिठाचे सूक्ष्म कण वाऱ्याबरोबर आत येतात, ओल धरतात आणि दिव्याच्या खोबणीतल्या पितळ-तांब्याला, पत्र्याच्या पेटीला, स्क्रूला गंज चढवतात. पावसाळ्यात दिव्यांच्या काचेत किडे भरतात, त्यांच्यामागे पाली येतात. वळचणीला कबुतरे असतात ती वेगळीच.

तिसरे कारण सर्वांत फसवे. दिवा एकदम जात नाही, हळूहळू मंदावतो. प्रकाशयोजना करणारे अभियंते याचा साधा हिशेब मांडतात. समजा, वापरामुळे दिव्याचा स्वतःचा उजेड मूळच्या ८० टक्क्यांवर आला आणि काचेवरच्या धुळीमुळे त्यातलाही ८० टक्केच बाहेर पडू लागला. ८० टक्क्यांचे ८० टक्के म्हणजे ६४. म्हणजे एकही दिवा बंद न पडता चर्चमधला एक तृतीयांशाहून अधिक उजेड नाहीसा झालेला असतो. रोज येणाऱ्याला तो गेल्याचे कळत नाही, कारण डोळा सवयीने जुळवून घेतो. घरच्या माणसाचे केस पांढरे होताना जसे आपल्याला दिसत नाहीत, तसेच हे.

त्यात चर्चला नियमाने येणाऱ्यांत वयस्कर माणसे पुष्कळ. वाढत्या वयाबरोबर डोळ्याची बाहुली लहान होते, भिंग पिवळसर पडते. साठीच्या माणसाच्या डोळ्यातल्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या मानाने साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. वरचा उजेड आधीच तिसऱ्या हिश्शाने घटलेला, आणि आत शिरणाराही तिसरा हिस्सा. मागच्या बाकावरची आजी गीतांचे पुस्तक मिटून नुसतीच बसते, तेव्हा तिला शब्द पाठ असतील असे आपण समजतो. दारातल्या पायरीवर तिचा पाय अडखळतो, तेव्हा वयाला दोष देतो.

तेलाची सोय आधी

आपल्या पूर्वजांना हा प्रश्न ठाऊक नव्हता असे नाही. उलट त्यांनी तो आपल्यापेक्षा चांगला सोडवला होता. मराठी राज्यातल्या देवस्थान-इनामांत पूजा आणि नैवेद्य यांच्या जोडीला ‘दिवाबत्ती’चा खर्च धरलेला असे. दिवा लावायचा तर तेल लागणार, तेल लागणार तर उत्पन्न लागणार, म्हणून उत्पन्नाची सोय आधी आणि दिवा नंतर.

दक्षिणेतल्या चोळ राजांच्या काळचे शिलालेख तर याबाबतीत थक्क करतात. देवळात एक नंदादीप अखंड तेवत ठेवण्यासाठी बहुधा ९६ मेंढ्या दान दिल्या जात. त्या धनगरांकडे सांभाळायला द्यायच्या आणि त्यांनी रोज ठरलेले तूप देवळात पोहोचवायचे. कळपातल्या मेंढ्या मरतील तशा नव्या जन्मतील, पण संख्या तितकीच राहील. म्हणून शिलालेखांत त्यांना ‘न मरणाऱ्या, न म्हाताऱ्या होणाऱ्या मेंढ्या’ म्हटले आहे. देखभालीच्या कायम निधीला याहून सुंदर नाव कुणी दिले असेल असे वाटत नाही.

कॅथलिक चर्चमध्येही असा एक दिवा आहेच. वेदीजवळ, पवित्र साक्रामेंत ठेवलेल्या पेटीसमोर, एक लहानसा दिवा सतत जळत असतो. १९८३ च्या चर्चच्या कायदेसंहितेतले ९४० वे कलम तो अखंड तेवत ठेवायला सांगते. त्यात तेल किंवा मेण आहे ना, हे रोज पाहिले जाते. शेकडो वर्षे एका दिव्याची निगा अशी बिनचूक राखता येते, तर डोक्यावरच्या पन्नास दिव्यांची का राखता येऊ नये?

जुन्या माणसांचे आणखी एक शहाणपण दोरीत आणि कप्पीत होते. झुंबर किंवा हंडी छताला कायमची ठोकलेली नसे. दोर सैल केला की ती खाली येई, पुसून, तेल घालून, वाती लावून पुन्हा वर जाई. माणसाने वर चढायचे नाही, दिव्याने खाली यायचे. इटलीतल्या पिसा शहराच्या कॅथिड्रलमध्ये झुलणाऱ्या दिव्याकडे पाहून तरुण गॅलिलिओला लंबकाचा नियम सुचला, ही गोष्ट आपण शाळेत ऐकतो. कथा १५८३ ची सांगतात आणि तिथे दाखवला जाणारा दिवा १५८७ चा, तेव्हा गोष्ट गोष्टीच्याच जागी ठेवावी. पण तो दिवा झुलत का होता? तर लावणाऱ्याने तो आपल्याकडे ओढून घेऊन सोडून दिला होता, असे त्या गोष्टीतच आहे. विज्ञानाच्या या लाडक्या कथेतही दिवाबत्ती करणारा माणूस आहे, त्याचे नाव मात्र कुणी लिहून ठेवलेले नाही.

वीज आली आणि हे सारे विसरले गेले. बटण दाबले की उजेड, मग तेलाचा हिशेब कशाला आणि दोर-कप्पी कशाला! दिवे छताला पक्के बसले, आणि त्यांच्यापर्यंत पोहोचायचे कसे, हा प्रश्न पुढच्या पिढीवर सोपवला गेला.

एलईडीचे आयुष्य

जुना पिवळा बल्ब साधारण १,००० तास चाले. चर्चमध्ये दिवे रोज सरासरी चार तास लागतात असे धरले, तर वर्षाला १,४६० तास होतात. म्हणजे बल्ब आठ महिन्यांत गेला. ट्यूबलाइट किंवा मोठ्या सभागृहांत लावतात ते मेटल हॅलाइड दिवे १०,००० तासांच्या आसपास, म्हणजे सात वर्षे. मग एलईडी आले. निळ्या एलईडीच्या शोधाला २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले आणि लगेच २०१५ च्या जानेवारीत सुरू झालेल्या ‘उजाला’ योजनेने ते आपल्या घराघरांत पोहोचवले. खोक्यावर छापलेले असते ‘५०,००० तास’. आपल्या हिशेबाने चौतीस वर्षे! मग देखभाल कसली?

इथेच फसगत होते. चांगल्या मालाच्या बाबतीत ५०,००० तास म्हणजे बहुधा उजेड मूळच्या ७० टक्क्यांवर येईपर्यंतचा काळ. शिवाय तो एलईडीच्या चकतीचा. तिला वीज पुरवणारी छोटी पेटी, जिला इलेक्ट्रिशियन ‘ड्रायव्हर’ म्हणतात, ती उष्णतेने, दमटपणाने आणि विजेच्या चढउताराने पुष्कळ आधी दगावते. कौलांखालची मे महिन्यातली धग आणि खारी हवा या दोघींच्या तावडीत सापडलेला ड्रायव्हर चौतीस वर्षे जगत नसतो. तेव्हा दिवे घेताना ड्रायव्हर वेगळा बदलता येतो का, तो खाली हाताशी येईल अशा जागी बसवता येईल का, हे विचारावे. दिव्याची पेटी धूळ आणि पाणी आत न शिरणारी, स्क्रू स्टेनलेस स्टीलचे असावेत. त्याच जातीचे, त्याच रंगछटेचे चार-पाच दिवे आणि दोन-तीन ड्रायव्हर पहिल्याच दिवशी जास्तीचे घेऊन कपाटात ठेवावेत. पाच वर्षांनी तोच माल बाजारात मिळेल याचा भरवसा नाही, आणि मग छताखाली पिवळ्या-पांढऱ्याची ती ठिगळे दिसू लागतात.

ज्यांच्याकडे अजून ट्यूबलाइट आहेत त्यांनीही पुढचे पाहून ठेवावे. ट्यूबमध्ये पारा असतो. पाऱ्यासंबंधीच्या मिनामाता कराराच्या देशांनी २०२३ मध्ये ठरवल्यानुसार २०२७ अखेरपर्यंत अशा नळ्यांचे उत्पादन आणि आयात-निर्यात थांबायची आहे. काढलेल्या नळ्या फोडून उकिरड्यावर टाकू नयेत, ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्याव्यात.

वर्षाचे वेळापत्रक

चर्चचे वर्ष सणांनी बांधलेले असते, तेव्हा दिव्यांची कामेही त्यांच्यामध्येच बसवायला हवीत. नाताळ आणि पवित्र सप्ताह हे गर्दीचे दिवस, त्या तोंडावर वर चढायचे नाही. मे महिन्यात लग्ने असतात, पण हवा कोरडी असते. पाऊस सुरू होण्याआधीचा तो काळ वायरिंग तपासायला उत्तम. परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून मेगरने तारांचे आवरण तपासून घ्यावे, अर्थिंग मोजावे, वीजरोधक नीट जमिनीला जोडला आहे ना ते पाहावे, छपराची गळती दिव्याच्या किंवा पंख्याच्या डब्यावर पडत नाही ना याची खात्री करावी. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्यावरून गेले तेव्हा पालघर-वसईत वीजपुरवठा कोलमडला होता. १९६९ साली देशातले पहिले अणुवीज केंद्र ज्या तारापूरला सुरू झाले, त्या तारापूरच्या पंचक्रोशीतही वादळाच्या रात्री कंदील शोधावा लागतोच. म्हणून इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या आणि बाहेर पडण्याच्या दारांवरचे संकटकालीन दिवे याच महिन्यात एकदा वीज मुद्दाम बंद करून पाहावेत.

दुसरे काम पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरात. चार महिन्यांची ओल, मीठ आणि किडे तेव्हा काचांवर बसलेले असतात. मुख्य स्विच बंद करून, दिवे थंड झाल्यावर, आधी कोरड्या आणि मग किंचित ओल्या फडक्याने ते पुसायचे. नुसत्या पुसण्याने किती उजेड परत येतो हे एकदा अनुभवले की पुन्हा सांगावे लागत नाही.

तिसरे काम नाताळपूर्वीचे, आणि ते जमिनीवरचे. रोषणाईच्या माळा. दर्शनी भागावर, झाडांवर सोडलेल्या तारांना चिकटपट्टीचे सांधे असतात आणि रात्री दव पडते. या माळांसाठी वेगळी लाइन आणि तिच्यावर गळती होताच वीज तोडणारे ३० मिलीअँपिअरचे यंत्र हवेच. गव्हाणीच्या देखाव्यात तर वाळलेला पेंढा आणि तापणारा बल्ब शेजारी शेजारी असतात. तिथे गार राहणारेच दिवे लावावेत आणि रात्री शेवटी निघणाऱ्याने ते बंद केल्याची खूण वहीत करावी. १५ एप्रिल २०१९ रोजी पॅरिसच्या नोत्रदाम कॅथिड्रलचे छप्पर जळाले. नेमके कारण अखेर सिद्ध झाले नाही, पण विजेतला बिघाड ही शक्यता तपासात होती. कॅथिड्रल पुन्हा उघडायला डिसेंबर २०२४ उजाडला. इतक्या मोठ्या इमारतीला जे चुकले नाही, ते आपल्या कौलारू चर्चलाही चुकणार नाही.

वर कोण चढणार?

या साऱ्यातला खरा प्रश्न हाच. बहुतेक ठिकाणी वर चढतो तो चर्चचा सेवक, किंवा ‘घरचाच’ कुणी उत्साही तरुण. मिस्सा संपलेली, बायामाणसे फुले लावण्यात गुंतलेली, दोन बाकांमध्ये शिडी तिरकी टेकवलेली, खाली धरायला एखादा शाळकरी मुलगा, आणि वीज चालूच, कारण ‘एकच तर दिवा आहे’. वीस फुटांवरून दगडी फरशीवर पडलेला माणूस वाचला तरी पुन्हा धडधाकट उभा राहीलच असे नसते. त्याचे घर त्याच्या मजुरीवर चालत असते. सेवेच्या नावाखाली आपण त्याच्याकडून जे करून घेतो, ते कारखान्यात करून घेतले तर निरीक्षक काम थांबवील.

नियम साधे आहेत. एक दिवा गेला म्हणून वर चढायचे नाही. दिवे पुरेसे असतील तर एखादा बंद राहिल्याने मिस्सा अडत नाही. ठरलेल्या दिवशी चाकांची परांची भाड्याने आणून, सर्व दिव्यांचे काम एकदम करायचे. मुख्य स्विच बंद करून त्याला कुलूप लावायचे आणि किल्ली वर चढणाऱ्याच्या खिशात ठेवायची. शिडी लावावीच लागली तर ॲल्युमिनियमची नको, आणि चार फूट उंचीला एक फूट या मानाने तिचा पाया भिंतीपासून दूर हवा. खाली धरायला मोठा माणूस हवा. आणि नवे काम काढाल तेव्हा शक्य ते दिवे भिंतीवर, हाताच्या टप्प्यात घ्यावेत. जे वर राहतील त्यांना पुन्हा ती जुनी दोर-कप्पी द्यावी. आता त्यासाठी हाताने किंवा मोटरने फिरणारे रहाट मिळतात.

एक वही, एक पेटी

धर्मगुरूंच्या काही वर्षांनी बदल्या होतात. विश्वस्त बदलतात, इलेक्ट्रिशियन गाव सोडतो. कुठल्या बटणावर कुठली लाइन आहे हे ज्याच्या डोक्यात असते तो गेला की सारे पुन्हा पहिल्यापासून. म्हणून चर्चचा एक नकाशा काढून प्रत्येक दिव्याला क्रमांक द्यावा. वहीत त्या क्रमांकापुढे जात, वॅट, रंगछटा, बसवल्याची तारीख, पुसल्याची तारीख. दहावी-बारावीची चार मुले एका रविवारी दुपारी हे काम हसतखेळत करतील. वर्षातून एकदा, काळोख पडल्यावर, ठरलेल्या पाच-सहा बाकांवर प्रकाशमापक ठेवून आकडे लिहून ठेवावेत. डोळा सवयीने फसतो, आकडा फसत नाही.

आणि पैसा? तोही दिव्यांतूनच काढता येतो. समजा, २५० वॅटचे २४ जुने दिवे काढून १०० वॅटचे २४ एलईडी बसवले. ६,००० वॅटऐवजी २,४०० वॅट लागले, म्हणजे तासाला ३.६ युनिटची बचत. वर्षाला हजारच तास धरले तरी ३,६०० युनिट, आणि युनिटला दहा रुपये धरले तर ३६,००० रुपये. ही रक्कम सर्वसाधारण खर्चात मुरू देऊ नये, ‘दिवाबत्ती’ असे नाव देऊन वेगळी ठेवावी. परांचीचे भाडे, फडकी, जास्तीचे ड्रायव्हर आणि काही वर्षांनी लागणारे नवे दिवे त्यातून येतील. न मरणाऱ्या, न म्हाताऱ्या होणाऱ्या मेंढ्या त्या याच.

हे सारे चर्चसाठी लिहिले, पण सातपाटीच्या मंदिराला, गावातल्या शाळेच्या सभागृहाला, मच्छीमार सोसायटीच्या कार्यालयालाही यातले बहुतेक लागू आहे.

ईस्टरच्या आदल्या रात्री चर्चमधले दिवे मुद्दाम मालवतात. सारे लोक काळोखात उभे असतात. मग बाहेर पेटवलेल्या अग्नीवरून एक मोठी मेणबत्ती लावून आत आणतात आणि तिच्यावरून प्रत्येकाच्या हातातली मेणबत्ती उजळत जाते. पुढे ठरलेल्या क्षणी छताचे सगळे दिवे एकदम लागायचे असतात, आणि त्या क्षणाची लहान मुले तर वर्षभर वाट पाहतात. त्या रात्री बटण दाबल्यावर सर्वच्या सर्व दिवे लागावेत, यासाठीचे काम ऑक्टोबरात, हातात फडके घेऊन झालेले असावे लागते.